घरगुती उद्योगाविषयी चि. मेघनास

चि. मेघना हीस अनेक आशीर्वाद.

पालिकेचा माणूस येऊन "फ्लॅटमध्ये धंदा चालत नाही, बंद करा" असे सांगून गेला आणि तेव्हापासून तू चटणीसाठी जवस भाजायलाच घेतले नाहीस, हे वाचून तुझी आई चिडली. मला मात्र नवल वाटले ते याचे, की कोणत्या नियमाखाली, एवढेही तू त्याला विचारले नाहीस. ग्रामसेवकाच्या नोकरीत माझे आयुष्य दाखले आणि नाहरकती लिहिण्यात गेले, त्यावरून सांगतो की तोंडी हुकमाने चूल विझवायची नसते.

घरात धंदा चालत नाही, असे सरसकट कुणालाच म्हणता येत नाही. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता साऱ्या राज्याला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत निवासी विभागात घरगुती व्यवसायाला मुभा आहे. मात्र तो घरच्याच माणसांनी करावा, पगारी मजूर ठेवू नये, बाहेरून व्यवसाय दिसेल अशी पाटी लावू नये, तिथे तयार झालेलाच माल विकावा, शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा आणू नये, आणि विजेवर यंत्र चालवलेच तर एकूण भार 0.75 किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे एक अश्वशक्तीच्या, वर जाऊ नये, अशा अटी आहेत. तुझा मिक्सर यात बसतो. तू घेऊ म्हणतेस ते दोन अश्वशक्तीचे कांडप यंत्र बसत नाही, तेव्हा त्याचा नाद सोड. भिवापुरी मिरची इथे गिरणीवर कांडून पाठवतो. मिरचीचा ठसका जिन्यात पसरला की वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करणारच, आणि ती तक्रार खोटी नसेल.

पगारी मजुराची अट मला स्वतःला पटत नाही. शेजारच्या वहिनींना पाकिटे भरायला रोजाने बोलावले, तर त्याने इमारतीचे काय बिघडते? पालिकेने धूर, वास, आवाज, सांडपाणी आणि जिन्यातली गर्दी पाहावी; आत पाटावर कोण बसले आहे, ते पाहू नये. पण नियम बदलेपर्यंत तो पाळणेच तुझ्या हिताचे आहे, कारण एका अटीवर पकडली गेलीस की बाकीच्या साऱ्या बाजू लंगड्या पडतात.

संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(छ) ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्याच अनुच्छेदाच्या खंड (6) ने सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची सोयही ठेवली आहे. सारा वाद या "वाजवी" शब्दाभोवती फिरतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 376 खाली परवाना मागता येतो तो जीवित, आरोग्य किंवा मालमत्तेला धोका अथवा लोकांना उपद्रव होऊ शकेल अशा धंद्यांसाठी. चटणीच्या बरण्या त्यात कशा बसतात, ते त्यांनी दाखवावे.

अन्नसुरक्षेचे मात्र वेगळे आहे. 2006 च्या त्या कायद्याखाली घरच्या स्वयंपाकघरालाही नोंदणी लागते, आणि तुझी उलाढाल अगदी लहान असल्याने मोठ्या परवान्याऐवजी ती पुरते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापलेला असू दे. वीजबिलाची धास्ती नको, कारण घराच्या काही भागात व्यवसाय चालवूनही वापर महिन्याला 300 आणि आदल्या आर्थिक वर्षात 3600 युनिटांच्या आत असला, तर महावितरण घरगुती दरच लावते.

आता अर्ज लिही. अमुक तारखेला आपला कर्मचारी येऊन व्यवसाय बंद करण्यास सांगून गेला. कोणत्या नियमाचा व कसा भंग झाला, ते लेखी कळवावे, एवढाच मजकूर ठेव. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस, आणि त्या प्रतीचा फोटो मला पाठव. वहिनींना तोवर थांबायला सांग. जवस मात्र उद्याच भाजायला घे.

तुझे,
बाबा