हवालदार घरी का आला होता

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई रडायलाच लागली म्हणून नीट लिहूनच पाठवतोय. हवालदार चाळीत येऊन माझी चौकशी करून गेला, त्यात घाबरण्यासारखं काहीच नाहीये. इथे लंडनबाहेर टॅक्सी चालवायची तर कौन्सिलचं, म्हणजे आपल्या महापालिकेसारखं, लायसन लागतं आणि 1976 चा कायदा म्हणतो की माणूस 'फिट अँड प्रॉपर' आहे, म्हणजे तब्येतीने धड आणि वागायला सरळ, अशी खात्री पटल्याशिवाय ते द्यायचंच नाही. आणि खात्री आपण पटवून द्यायची. 18 पूर्ण झाल्यावर सलग 3 महिने किंवा जास्त दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिकडचंही पोलीस सर्टिफिकेट लागतं, मी ते इथल्या भारतीय हाय कमिशनमधून, म्हणजे आपल्या वकिलातीतून, मागवलं, म्हणून तो हवालदार आला. आई, शेजारच्या काकूंना आधी सांग, नाहीतर गणपतीपर्यंत अख्ख्या लालबागला कळेल मला अटक झाली म्हणून.

बाबा, तुमच्या टॅक्सीच्या बिल्ल्याच्या वेळेसही व्हेरिफिकेशन झालं होतं, पण हे लोक फारच खोलात जातात. 2020 च्या सरकारी नियमावलीत दारू पिऊन चालवल्याची शिक्षा झालेल्याने ती संपल्यावर निदान 7 वर्षं थांबायचं, मारामारीला 10, हातात मोबाईल धरून चालवल्याबद्दल दोषी ठरलात तरी 5. लायसन मिळाल्यावरही दर 6 महिन्यांनी गुन्ह्यांचं रेकॉर्ड बघतात. कोणाला वाटेल छळ आहे, मलाही फॉर्म भरताना वाटलं.

पण त्या नियमावलीतच एक प्रश्न आहे, लायसन देणाऱ्याने स्वतःला विचारायचा, की माझ्या जिवाभावाच्या माणसाला मी दिवसा-रात्री कधीही ह्या ड्रायव्हरच्या गाडीत एकट्याने बसू देईन का. वाचलं आणि तुमची पद्मिनी टॅक्सीच आठवली. चाळीतल्या कोणाच्या पोरीची नाईट शिफ्ट असली की तिच्या घरचे रात्री आपलंच दार वाजवायचे, आणि तुम्ही जेवण अर्धं टाकून निघायचात, मीटर न टाकता, आई मागून ओरडत असायची.

गुरुवारी मेडिकल आहे, ट्रक-बसवाल्यांना लावतात तेच कडक नियम, चष्म्याचा नंबर वाढलाय तेवढीच धाकधूक.

आणि बाबा, हवालदाराला चहाच दिलात ना फक्त? हातात काही ठेवलं असेल तर मला सांगू नका, इथे फॉर्मवर खोटं लिहिता येत नाही.

तुमचा,
बाळू