दत्ता, ती सात वर्षं मोडू नकोस

प्रिय दत्ता,

गणपतीपासून पत्र नाही, रागावू नकोस. इकडे सगळे बरे. आज बसलोच, कारण सुध्याची पेन्शनची ऑर्डर आली. एकवीस वर्षांच्या नोकरीवर चार हजारही नाहीत! हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आपल्या पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेचा (ईपीएस-९५) हिशेब असा: पेन्शनपात्र पगार, म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांना ६५०० ची मर्यादा, नंतरच्यांना १५,०००. वीस वर्षं भरली तर दोन वाढवून मिळतात. महागाई भत्ता नाहीच, आज ठरली ती रक्कम जन्मभर. किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपये. केंद्राने आपल्या नोकरांना १ एप्रिल २०२५ पासून २५ वर्षांच्या सेवेवर निम्म्या मूळ पगाराची हमी दिली, त्यावर महागाईची वाढही. त्यांना मिळालं ते योग्यच. पण कारखान्यात घाम गाळणाऱ्याचं म्हातारपण काय स्वस्तात निघतं?

त्यात सुध्याने पहिली कंपनी बंद पडली तेव्हा १०-सी, म्हणजे पैसे काढायचा फॉर्म, भरून नऊ वर्षांचे पेन्शनचे पैसे काढले होते. तिथेच महिन्याचे ८३५ रुपये कायमचे गेले.

तुझी साताऱ्याची सात वर्षं जुन्या पीएफ नंबरावर पडून आहेत ना? ती म्हणजे महिन्याला ६५० रुपयांची पेन्शन आहे. पैसे काढू नकोस, आताच्या खात्यात वर्ग कर. आधी दोन्ही नंबर एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या एकाच नंबराखाली, आण. तिथली नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का बघ, नसेल तर अर्ज अडकतो. आधारवर तू ‘दत्तात्रय’ आणि कंपनीत ‘दत्तात्रेय’. ते आधी दुरुस्त कर. मग खातं वर्ग करायचा फॉर्म १३ ऑनलाइन भर. वर्ग झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसेल, घाबरू नकोस. तिथे रक्कम येत नाही, सेवेची वर्षं पुढे जोडली जातात. ती सेवेच्या नोंदीत दिसली की मगच १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भर. आणि ५८ च्या आधी पेन्शन घेऊ नकोस, दर वर्षामागे चार टक्के कापतात.

गेटसभेवरून आपण भांडलो होतो, आठवतं? तू म्हणालास, “पीएफ आहे की, पेन्शन हवी कशाला?” मला ते आजही पटत नाही. पीएफ घराच्या स्लॅबमध्ये जातो रे, महिन्याचं वाणसामान कशातून भरायचं? आता तरी कबूल कर, आणि चहा तुझ्याकडून.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? त्यांचं नाव ई-नॉमिनेशनमध्ये, म्हणजे पीएफच्या ऑनलाइन वारस नोंदीत, घाल, तुझ्यामागे निम्मी पेन्शन त्यांची आहे. पिंकीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला.

दोन्ही पासबुकांचे फोटो पाठव, रविवारी बघतो.

तुझाच,
विलास