घरं बांधा, पण आधी बंद पाडलेल्या ट्रॅकला पडीक म्हणू नका: ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय गृहनिर्माण मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा महाराष्ट्रातला, आता लेस्टरला राहतो आणि स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक रेसिंगचा, प्रेक्षक आहे. हेच सगळं इंग्रजीत तुमच्या ऑफिसला पाठवतोय, पण मराठीत इथे जाहीर लिहितोय कारण या देशात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या गावात एक ट्रॅक आहे किंवा आत्ताआत्तापर्यंत होता, आणि तो जातोय हे त्यांच्या गावीही नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, मी घरांच्या विरोधात नाही. बाहेरून आलेल्या माणसाला इथे भाड्याचं घर मिळवताना काय यातायात करावी लागते ते मला चांगलं माहितीये, त्यामुळे तुमचं 15 लाख घरांचं टार्गेट पूर्ण व्हावं असंच मला मनापासून वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. स्टेडियमचा मालक आधी रेसिंग बंद करतो, मग काही वर्षं जागा तशीच पडू देतो, गवत वाढतं, काचा फुटतात, आणि मग तोच अर्ज करतो की बघा ही जागा पडीक आहे, इथे आता कोणी येत नाही, आम्हाला घरं बांधू द्या. आणि हे थांबवणारा एकही पक्का नियम तुमच्याकडे नाही.

ज्यांनी स्पीडवे पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार रायडर, चार लॅप, 500 सीसीची मेथनॉलवर चालणारी बाइक, एकच गियर, आणि ब्रेक नाहीच. सुरुवातीच्या रेषेवरची टेप वर गेली की चौघं एकदम सुटतात, पहिल्या वळणावर मागचं चाक बाहेर फेकतात, डावा पाय जमिनीला टेकवतात, त्या बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी असते, आणि मागच्या चाकाखालची शेल, म्हणजे ट्रॅकवरची ती भरड लाल माती, कुंपण ओलांडून थेट आपल्या अंगावर येते. मी जिथे उभा राहतो तिथे शेजारी एक आजोबा असतात, ते प्रोग्रामच्या पानावर पेन्सिलीने प्रत्येक हीटचे, म्हणजे चार लॅपच्या एकेका रेसचे, 3-2-1-0 पॉइंट्स भरतात, आणि बाइक वळणावर आल्या की पानावर हात आडवा धरतात कारण खडे उडतात. मग ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, तेवढ्यात पोरं चहा-चिप्स आणायला पळतात, की पुढची हीट. तिकीट फुटबॉलच्या मानाने स्वस्त, आपल्या आणि पाहुण्या टीमचे लोक एकाच कठड्याला टेकून उभे, भांडण नाही तंटा नाही. 1928 च्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीचला पहिली मोठी मीटिंग झाली तेव्हापासून हे चालू आहे, म्हणजे शंभरी अगदी तोंडावर आली.

आवाज होतो, मान्य. पण एका मीटिंगला, म्हणजे रेसच्या एका संध्याकाळी, साधारण 15 हीट, एक हीट मिनिटभराची. म्हणजे पूर्ण संध्याकाळीत रेसचा खरा आवाज पाव तासाचा, वॉर्म-अप धरलं तर थोडा जास्त, तोही मार्च ते ऑक्टोबर आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा. एवढ्यासाठी एखादा खेळच गावातून हद्दपार व्हावा असं मला तरी पटत नाही.

आता आमच्या लेस्टरचंच घ्या. ब्लॅकबर्ड रोडचं स्टेडियम 1983 ला गेलं, जागा विकली गेली, तिथे घरं झाली. स्पीडवे परत लेस्टरला आलं ते 2011 साली, ब्यूमाँट पार्कला. मध्ये 28 वर्षं! एक पूर्ण पिढी या खेळाशिवाय मोठी झाली. आणि लेस्टर नशीबवान म्हणायचं, कारण परत आलं तरी. एक्सेटरच्या काउंटी ग्राउंडवर 2005 ला शेवटची रेस झाली, तिथेही घरं आली. लंडनच्या वेस्ट हॅम स्टेडियमच्या जागेवर जी वसाहत आहे तिथल्या रस्त्यांना जुन्या रायडरची आणि प्रमोटरची नावं दिलीयत, क्रूम्ब्स रोड, अ‍ॅटकिन्सन रोड, यंग रोड, हॉस्किन्स क्लोज. नावं दिली हे चांगलंच केलं, पण पाटीवर नाव लावून रेस होत नाही.

कोणी म्हणेल की हा म्हाताऱ्यांचा खेळ, आपोआप संपत चाललाय, त्याला घरं काय करणार. तर हे बघा. 2016 ते 2021 या काळात ब्रिटनच्या टॉप लीगची पाच विजेतेपदं दिली गेली, 2020 ला कोविडमुळे सीझनच झाला नाही. त्या पाचपैकी चार कोणी जिंकली? 2016 वुल्व्हरहॅम्प्टन, 2017 आणि 2019 स्विंडन, 2021 पीटरबरो. हे तिन्ही क्लब आज आपापल्या ट्रॅकवर नाहीत. हरून किंवा प्रेक्षक नाहीत म्हणून बंद पडलेले क्लब नाहीत हे, चॅम्पियन होते, फक्त जमीन त्यांची नव्हती. वुल्व्हरहॅम्प्टनला तर घरांचाही प्रश्न नव्हता, ग्रेहाउंड रेसिंग (कुत्र्यांच्या शर्यती) चालवणाऱ्या मालकाला स्पीडवे नको होतं, 1928 पासूनचा क्लब 2023 च्या शेवटी बाहेर. दुखणं तेच, क्लब भाडेकरू, आणि भाडेकरूला प्लॅनिंगच्या टेबलावर खुर्चीच नाही.

स्विंडनबद्दल जरा जास्त वाईट वाटतं. तिथे आपले गोंयकार इतके आहेत की दुकानात, बसमध्ये कोंकणी सहज कानावर पडते. गावाबाहेर ब्लन्सडनचं अ‍ॅबी स्टेडियम, 1949 पासून रॉबिन्सचा, म्हणजे स्विंडनच्या क्लबचा, ट्रॅक, चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज तिथे कित्येक सीझन रेस करायचा. नवं स्टेडियम होणार, शेजारी घरं होणार, घरांच्या पैशातून खेळाचं भलं होणार, असं लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. घरं झाली. आणि रॉबिन्सनी 2019 ला ट्रॉफी उचलली तो त्यांचा तिथला शेवटचा सीझन ठरला.

आपण मुंबईकरांना ही गोष्ट नवीन नाही खरं तर. गिरण्यांच्या जमिनींचा नियम 1991 चा होता, तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा म्हाडाला, तिसरा मालकाला. 2001 ला त्यात बदल केला की ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीचीच, आणि गिरणगावाला जे मिळायला हवं होतं त्यातलं बरंचसं कागदावरच विरघळलं. म्हणून मी तुम्हाला परत परत सांगतोय मंत्रीमहोदय, नुसत्या वचनाला अर्थ नाही, अट कशी लिहिलीय आणि ती कधी लागू होते यालाच सगळा अर्थ.

आता ब्रँडन. हे नाव तुमच्या खात्याला नक्की माहिती असणार. कॉव्हेंट्री बीज या क्लबचं स्टेडियम, 1928 पासून स्पीडवे, 1954 पासून स्टॉक कार, म्हणजे मोटारींच्या रेस, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या ट्रॅकपैकी एक. 2016 च्या सीझननंतर गेट बंद. मालकांना तिथे 124 घरं आणि एक फुटबॉलचं थ्री-जी (कृत्रिम गवताचं) पिच करायचं होतं. जागा रिकामी पडली, तोडफोड झाली, आगी लागल्या, जिथे हजारो माणसं उभी राहायची तिथले स्टँड जळून काळे झाले. मग म्हणणं मांडलं गेलं की स्पीडवे इथे परत चालणं व्यवहार्य नाही. अहो, ज्या जागेला सात वर्षं कुलूप आहे तिथे काय व्यवहार्य असणार? रग्बी बरो कौन्सिलने नोव्हेंबर 2022 मध्ये अर्ज नाकारला, मालक अपिलात गेले, आणि डिसेंबर 2023 मध्ये तुमच्याच प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटच्या इन्स्पेक्टरने अपील फेटाळलं. इथपर्यंत न्याय झाला. पण त्यासाठी साध्या प्रेक्षकांनी किती वर्षं घासली ते बघा, कॅम्पेन चालवलं, पैसे जमवले, एक्स्पर्ट उभे केले, चौकशीला दिवसच्या दिवस बसले. आणि जिंकून हातात काय आलं? जळकं स्टेडियम. घरं नाहीत आणि रेसिंगही नाही, कारण "नाही" म्हणण्याचा अधिकार कौन्सिलकडे आहे पण "उघडा" म्हणण्याचा कोणाकडेच नाही.

आणि पीटरबरोला नेमकं उलटं. ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंडवर 1970 पासून पँथर्स, म्हणजे पीटरबरोचा क्लब, 2023 ला शेवटचा सीझन, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे सुमारे दीड हजार घरांना मंजुरी. देश एक, धोरण एक, खेळ एक, आणि निकाल दोन. म्हणजे क्लब जगणार की मरणार हे नियमावर नाही, तर कौन्सिलच्या त्या संध्याकाळच्या मतदानावर आणि प्रेक्षकांच्या खिशावर ठरतंय.

तुमच्या नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फ्रेमवर्कमध्ये लिहिलंय की खेळाच्या जागेवर बांधायचं असेल तर ती जागा खरोखर जास्तीची आहे हे दाखवा, नाहीतर तितकीच किंवा अधिक चांगली जागा दुसरीकडे द्या, नाहीतर दुसऱ्या खेळाची अशी सोय करा की तिचा फायदा गेलेल्या सोयीपेक्षा स्पष्टच जास्त असेल. वाचायला उत्तम आहे. पण या तिसऱ्या वाटेनेच एक फुटबॉल पिच दाखवून अख्खा रेस ट्रॅक गिळता येतो का ते बघितलं जातं. फुटबॉल पिच गावात अजून चार ठिकाणी करता येईल हो, स्पीडवे ट्रॅक एकदा गेला की त्या पूर्ण काउंटीत बहुतेकदा दुसरा नसतो. शिवाय प्लेइंग फील्ड असेल तर कौन्सिलला स्पोर्ट इंग्लंडला विचारावं लागतं, नाट्यगृह असेल तर थिएटर्स ट्रस्टला, स्पीडवेसाठी विचारायचं असं कोणीच नाही. आणि 2025 मध्ये तुमच्या सरकारने या दोन संस्थांनाही त्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव पुढे आणला! तो सोडून द्या अशी माझी विनंती आहे, आणि मोटरस्पोर्टच्या ट्रॅकसाठीही विचारणा सक्तीची करा.

त्याहून महत्त्वाचं मागणं हे की मालकाने स्वतः बंद पाडलेलं स्टेडियम "जास्तीचं" किंवा "निकामी" धरू नका. जागेचा हिशेब शेवटच्या चालू सीझनवरून करा, त्या वर्षी किती रेस झाल्या, किती माणसं आली, क्लबचं काय चाललं होतं. कुलूप लावल्यानंतरची वर्षं अर्जदाराच्या बाजूने मोजायचीच नाहीत. एवढी एक ओळ धोरणात आली तर गेट बंद करून वाट बघत बसण्यात कोणालाच फायदा उरणार नाही.

आणि जिथे दुसरा ट्रॅक देण्याच्या बोलीवर घरं मंजूर होतात तिथे अट अशी घाला की नव्या ट्रॅकवर रेस झाल्याशिवाय एकाही घरात कोणी राहायला जाणार नाही. "बांधकाम सुरू केलं" असं नको, "निधी बाजूला ठेवला" असंही नको, रेस झाली पाहिजे. कारण ट्रॅक बनवणं म्हणजे माती ओतून रोलर फिरवणं नव्हे. मँचेस्टरला बेल व्ह्यू क्लबसाठी नॅशनल स्पीडवे स्टेडियम बांधलं, 2016 च्या मार्चमध्ये उद्घाटनाची मीटिंग ठेवली, लोक आले, आणि ट्रॅक सुरक्षित नाही म्हणून ती रद्द करावी लागली. पुढे तोच ट्रॅक देशातल्या सगळ्यात चांगल्या रेसिंगसाठी नावाजला गेला, आणि बेल व्ह्यू 2022 ला चॅम्पियनही झाले. कौन्सिलने मनावर घेतलं की काय होतं त्याचं हे उदाहरण तुमच्यासमोरच उभं आहे.

आवाजाच्या कायद्याचंही काहीतरी करा. सफोकमध्ये मिल्डनहॉलचं स्टेडियम 1975 च्या परवानगीवर उभं राहिलं, स्पीडवे, पुढे स्टॉक कार, मागे मोटोक्रॉस. 2006 ला एका जोडप्याने तिथून अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडं लांब घर घेतलं आणि आवाजाबद्दल कोर्टात गेले. प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, फेब्रुवारी 2014 चा निकाल, की तुम्ही नंतर राहायला आलात हा बचाव चालणार नाही. मला त्या कुटुंबाबद्दल राग नाही, आवाजाचा त्रास खरा असू शकतो. पण विचार करा, तीस वर्षं जुन्या ट्रॅकशेजारी एका घराने एवढं होतं तर दीडशे घरांची कॉलनी आल्यावर काय होईल? तुमच्या धोरणात 2018 पासून तत्त्व आहे की जो नंतर येतो त्याने आवाजाची सोय करायची, जुन्या धंद्यावर किंवा खेळावर अवाजवी बंधनं यायला नकोत. पण ते धोरण आहे, कौन्सिलपुरतं, कोर्टात शेजाऱ्याच्या दाव्याला ते बांधत नाही. ते कायद्यात आणा. बिल्डरला भिंतींचं आणि खिडक्यांचं काम करायला लावा, आणि घर विकताना खरेदीदाराला लेखी सांगायला लावा की इथे ट्रॅक आहे, या महिन्यांत, या वेळेला रेस असते.

2025 च्या इंग्लिश डिव्होल्यूशन अँड कम्युनिटी एम्पावरमेंट बिलात स्थानिक लोकांना अशा जागा विकत घेण्याचा हक्क देण्याची तरतूद तुमच्याच सरकारने आणली, त्याबद्दल मनापासून आभार. फक्त स्पीडवेचे ट्रॅक, आणि नुकतेच बंद झालेलेसुद्धा, त्यात बसतील हे बघा. आणि किंमत कुठली धरणार तेही ठरवा, कारण उद्या घरं होतील या आशेवर फुगलेला भाव लावला तर कुठल्याच क्लबला तो हक्क वापरता येणार नाही.

इथल्या मराठी मित्रांना एकच सांगणं, तुमच्या कौन्सिलचा लोकल प्लॅन वेबसाइटवर असतो, त्यात तुमच्या गावच्या ट्रॅकच्या जागेवर कुठला रंग भरलाय ते उघडून बघा आणि कन्सल्टेशन चालू असेल तर दोन ओळी का होईना लिहा. त्यासाठी इथला पासपोर्ट लागत नाही, आणि आलेलं प्रत्येक म्हणणं त्यांना विचारात घ्यावंच लागतं.

मंत्रीमहोदय, तुमच्या उत्तराची वाट बघतो. जे उत्तर येईल ते मराठीत करून इथे सगळ्यांना वाचायला देईन.

आपला,
लेस्टरचा एक मराठी स्पीडवे प्रेक्षक