वरच्या क्रमांकाची किंमतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या ड्राफ्टविषयी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीविषयी, आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला. बर्फावरच्या या हॉकीला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली, याचा आनंद आहेच. पण जो संघ धाडस करून वरचा क्रमांक मिळवतो तोच पुढे जिंकतो, असा त्यातला सूर मला पटला नाही. मी मूळची सांगलीची. १९९८ पासून व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत राहते. माझा मुलगा इथे दहा वर्षं हॉकी खेळला. पहाटे पाच वाजता रिंकच्या थंडगार बाकावर थर्मासमधला चहा पीत बसून मी हा खेळ शिकले, आणि लीगमधल्या इथल्या संघाची, व्हँकुव्हर कनक्सची, पाठराखीण झाले ती कायमची.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगते. लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वर्षी नव्या मुलांची सात फेऱ्यांत निवड होते, म्हणजे २२४ क्रमांक. यातली बहुतेक मुलं जेमतेम अठरा वर्षांची असतात. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. ज्याचा मोसम वाईट गेला त्याने आधी निवडायचं, हे मूळ तत्त्व. कुणी मुद्दाम हरू नये म्हणून १९९५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. सध्याच्या नियमाने तळाच्या संघालाही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या आसपासच असते.

पुणेकरांना डिसेंबर २०१५ आठवत असेल. चेन्नई आणि राजस्थानवर बंदी आल्यावर त्यांच्या खेळाडूंची पुणे आणि राजकोट या नव्या संघांत वाटणी झाली, ती अशीच पाळीपाळीने. पुण्याने धोनीला घेतलं, मग राजकोटने रैनाला, मग पुण्याने रहाणेला. आता कल्पना करा, की ती पहिली पाळी राजकोटला पुण्याकडून विकत घेता आली असती. धोनीसाठी राजकोटने काय काय देऊ केलं असतं? हॉकीत हे खरोखर चालतं. क्रमांक ही संघाची मालमत्ता असते. यंदाचाच नव्हे, तर पुढच्या वर्षांचा क्रमांकही देता-घेता येतो. वर सरकायचं म्हणजे आपला क्रमांक द्यायचा आणि त्यावर आणखी काहीतरी द्यायचं. त्या ‘आणखी काहीतरी’बद्दल बातमीत एक अक्षर नसतं, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

वर सरकण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आमच्याच गावचं. १९९९ चा ड्राफ्ट बॉस्टनमध्ये झाला. स्वीडनच्या अर्नशोल्ड्स्विक गावचे हेन्रिक आणि डॅनियल सेदीन हे जुळे भाऊ त्यात होते आणि त्यांना एकाच संघात खेळायचं होतं. व्हँकुव्हरकडे तिसरा क्रमांक होता. आमच्या संघाचे सौदे ठरवणारे तेव्हाचे जनरल मॅनेजर ब्रायन बर्क यांनी आधी बचावपटू ब्रायन मकेब आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा क्रमांक शिकागोला देऊन चौथा क्रमांक घेतला. मग तो चौथा आणि तिसऱ्या फेरीचे दोन क्रमांक टँपा बेला देऊन थेट पहिला मिळवला. आणि मग तो पहिला क्रमांक त्यांनी जवळ ठेवलाच नाही! अटलांटा सेदीन भावांना हात लावणार नाही, या समजुतीवर तो त्यांना देऊन दुसरा क्रमांक घेतला. अटलांटाने पहिल्या क्रमांकावर पात्रिक श्टेफानला निवडलं, आणि व्हँकुव्हरने दुसऱ्यावर डॅनियल व तिसऱ्यावर हेन्रिक असे दोघे भाऊ घेतले.

त्या दोघांनी २०१८ पर्यंत आमच्या शहराची साथ सोडली नाही. २०१० मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) हेन्रिकचे होते, २०११ मध्ये डॅनियलचे. २०२२ मध्ये दोघांचा हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये एकत्रच समावेश झाला, तेव्हा माझे डोळे भरून आले. त्यामुळे वर सरकणं वाईटच, असं मी म्हणूच शकत नाही. पण बर्क यांनी नेमकं काय केलं ते नीट पाहा. पहिला क्रमांक हातात असताना ते आपण होऊन खाली उतरले. त्यांना क्रमांक नको होता, दोन ठरावीक मुलं हवी होती. जोडी असल्याशिवाय त्यातल्या एकाचा उपयोग दुसऱ्या कुठल्या संघाला फारसा नव्हता. अशी परिस्थिती शंभरातून एकदा येते. तिच्यावरून सगळ्यांनी चढत सुटावं असा धडा काढणं धोक्याचं आहे.

त्याच ड्राफ्टमध्ये २१० व्या क्रमांकावर डेट्रॉइटने हेन्रिक झेटरबर्गला घेतलं. नऊ वर्षांनी डेट्रॉइटने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. पहिल्या क्रमांकाच्या श्टेफानची लीगमधली कारकीर्द पाचशे सामन्यांच्या आतच आटोपली. झेटरबर्गच्या आदल्या वर्षी डेट्रॉइटनेच १७१ व्या क्रमांकावर पावेल दात्सुक घेतला होता. न्यूयॉर्क रेंजर्सचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा होता. हे खालचे क्रमांक वर सरकण्याच्या सौद्यात सुट्या पैशांसारखे टाकले जातात, म्हणून ही नावं मुद्दाम देते.

अठराव्या वर्षी मुलाचं काय कळतं? माझा मुलगा सोळाव्या वर्षी अंगाने किरकोळ होता. एका क्लबच्या वरच्या संघातून त्याला वगळलं, आणि त्यानंतरच्या एका वर्षात तो चार इंच वाढला. तो काही लीगमध्ये जाणारा खेळाडू नव्हता, हे मला माहीत आहे. पण त्याच्या बरोबरीच्या पोरांमध्ये कोण कुठे जाईल हे त्या बाकावरच्या एकाही आईबापाला ओळखता आलं नव्हतं, आणि त्यांच्यात स्वतः वरच्या पातळीवर खेळलेले लोक होते. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला मुलगा लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त आढळली. तो खेळ वेगळा, पण निवडणारी माणसंच, आणि त्यांचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वासही तसाच.

म्हणूनच मला छोट्या उड्या आवडतात. २००८ मध्ये ऑटवाने १८ व्या क्रमांकावरून १५ व्यावर येण्यासाठी नॅशव्हिलला पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा क्रमांक दिला आणि एरिक कार्लसनला घेतलं. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने तीनदा जिंकला. १८ व्या क्रमांकावर नॅशव्हिलने घेतलेला गोलरक्षक या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. २०१४ मध्ये तर टँपा बे फक्त एक पायरी चढलं, ८० वरून ७९ वर, आणि त्यासाठी मिनेसोटाला सातव्या फेरीचा एक क्रमांक दिला. तो ७९ वा मुलगा म्हणजे ब्रेडन पॉइंट. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप त्याच्या नावावर आहेत. मुलगा डोळ्यांसमोर आहे, मधला एखादा संघ त्याला उचलेल अशी भीती आहे आणि किंमत शेवटच्या फेरीतली आहे: असा सौदा कुणीही करावा.

मोठी उडी सुखाने घेतलेलीही एक आठवते, पण तिच्यात घाई नव्हती. मॉन्ट्रियलचे जनरल मॅनेजर सॅम पोलॉक यांनी १९७० मध्येच कॅलिफोर्निया गोल्डन सील्सकडून त्यांचा १९७१ चा पहिल्या फेरीचा क्रमांक घेऊन ठेवला. तो पहिलाच क्रमांक ठरेल हे तेव्हा कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं, म्हणून तो परवडला. मोसमाच्या मध्यावर लॉस एंजलिसचा संघ कॅलिफोर्नियाच्याही खाली जातोय असं दिसल्यावर पोलॉक यांनी आपला राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजलिसला दिला, तो त्या संघाला वर ढकलण्यासाठीच, असं इथले जुने लोक आजही सांगतात. कॅलिफोर्निया तळाला राहिलं. मॉन्ट्रियलला गी लाफ्लर मिळाला, आणि त्याच्यासह पाच स्टॅनली कप.

आता दुसरी बाजू. १९९१ मध्ये क्युबेक नॉर्डिक्सने पहिल्या क्रमांकावर एरिक लिंड्रोसला निवडलं. त्याने त्यांची जर्सी अंगात घालायलाही नकार दिला. वर्षभराने फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी सहा खेळाडू, पहिल्या फेरीचे दोन क्रमांक आणि दीड कोटी डॉलर मोजले. त्या सहांत अर्नशोल्ड्स्विकचाच पीटर फोर्सबर्ग होता, १९९१ च्या त्याच ड्राफ्टमध्ये सहावा आलेला. लिंड्रोस मोठा खेळाडू होता यात वाद नाही. १९९५ मध्ये तो लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. पण फिलाडेल्फिया त्याच्यासह एकदाच, १९९७ मध्ये, अंतिम फेरीत पोचलं आणि डेट्रॉइटकडून ४-० हरलं. क्युबेकचे गुण मात्र एका मोसमात ५२ वरून १०४ झाले. मिळालेल्या दोन क्रमांकांपैकी एकावर त्यांनी गोलरक्षक जोसेलिन तिबो घेतला, आणि पुढे त्यालाच देऊन मॉन्ट्रियलचा पात्रिक रॉय आणला. १९९६ चा स्टॅनली कप फोर्सबर्ग आणि रॉय यांनी जिंकून दिला.

फक्त तो कप क्युबेकमध्ये आला नाही. १९९५ मध्ये संघ विकला गेला, डेन्व्हरला गेला, नाव कोलोरॅडो अ‍ॅव्हलँच झालं, आणि नव्या गावातल्या पहिल्याच मोसमात कप मिळाला. क्युबेक शहराने २०१५ मध्ये नवं मोठं हॉकी स्टेडियम बांधून तयार केलं. ते अजून या लीगच्या संघाची वाट पाहतंय. त्या शहरातल्या लोकांचा विचार मनात आला की मला अजून वाईट वाटतं.

आमच्या वाट्यालाही असंच काहीसं आलं. सेदीन भावांना घेऊन आम्ही २०११ ची अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली आणि घरच्या बर्फावर बॉस्टनकडून हरलो. बॉस्टनच्या संघात तेव्हा एकोणीस वर्षांचा टायलर सेगिन होता. तो ज्या दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, तो मुळात टोरोंटोचा होता. फिल केसलला आणण्यासाठी टोरोंटोने तो, सोबत दुसऱ्या फेरीचा एक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा क्रमांक देऊन टाकला होता. तो सौदा ड्राफ्टमध्ये वर सरकण्याचा नव्हता, पण पुढची वर्षं आजच विकण्याचा होताच. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

तेव्हा आपल्याला विनंती अशी. येत्या जूनमध्ये ड्राफ्टची बातमी द्याल, तेव्हा पहिल्या मुलाच्या नावाखाली एक छोटी चौकट वाढवा: कुठल्या संघाने कोणता क्रमांक घेतला आणि त्यासाठी काय काय दिलं. आणि पाच वर्षांनी तीच चौकट पुन्हा छापा, दिलेल्या प्रत्येक क्रमांकावर पुढे कोण निवडलं गेलं त्या नावासह. ही माहिती जमवायला मदत लागली तर मी आनंदाने करेन.

आपली नम्र,
एक वाचक
बर्नाबी, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा