मंत्रीसाहेब, बोर्डाच्या टेबलावर एक घड्याळ ठेवा

प्रति,
मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, नमस्कार.

हे पत्र मी एका बैठकीत लिहिलेलं नाही. चार दिवस रोज सकाळी सातची गोळी घ्यायची, पाऊण तास थांबायचं आणि मग डोळे साथ देतात तोवर मोबाईलवर टाइप करायचं असं करत पुरं केलंय, त्यामुळे कुठे विषय तुटला असेल तर सांभाळून घ्या. मी एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते, तालुक्याचं गाव आहे, जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या तपासणीबद्दल बोलायचंय, कुणा एका डॉक्टरची तक्रार करायची नाहीये. सहा वर्षांपूर्वी मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघाला. नाव सांगितलं की लोक नुसते बघत राहतात, मग मी म्हणते अमिताभ बच्चनला झाला होता ना, तो. की लगेच "हां हां" आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "मग काय, ते तर अजून काम करतायत की!" ह्यावर काय बोलायचं ते मला सहा वर्षांत सुचलेलं नाही.

आजार असा आहे की नस स्नायूला हाक मारते, पण ती हाक जिथे ऐकू यायची ती जागाच शरीरातल्या अँटीबॉडीज बंद करत जातात. त्यामुळे पहिल्या हाकेला स्नायू ओ देतो, पाचव्याला जरा उशिरा देतो, पंधराव्याला देतच नाही. थोडा वेळ बसलं की परत ओ देतो. एवढंच. पण ह्या "एवढंच" मध्ये माझा अख्खा दिवस अडकलाय.

थकवा हा शब्द तर आमच्या मुळावरच आलाय. मला थकवा येतो म्हटलं की समोरचा म्हणतो अहो मॅडम आम्हीपण थकतो, वय झालं आता, बी ट्वेल्व्ह बघा. त्यांचं खोटं नाही. पण मला दम लागत नाही, झोप येत नाही, अंग दुखत नाही, फक्त फळ्यावर लिहिताना हात खाली यायला लागतो. ओळ सरळ सुरू होते आणि फळ्याच्या शेवटापर्यंत वीतभर उतरलेली असते, पोरं ओरडतात "मॅडम, ओळ घसरली!" आता मी खुर्चीत बसून सांगते आणि वर्गातली एक मुलगी फळ्यावर लिहिते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे ते सोडा. चौथ्या तासाला माझा आवाज नाकातून यायला लागतो. एका पोराने माझी नक्कल केली, हुबेहूब, मला खरंच हसू आलं, पण संध्याकाळकडे माझं हसू हसूसारखं दिसत नाही, ओठांचे कोपरे वर जातच नाहीत, वाटतं मी दात दाखवून चिडलेय. सगळा वर्ग गप्प झाला. त्यांना सांगावं लागलं की बाळांनो मी हसतेय.

घरचं काय सांगू. भाकरी चावून होत नाही, अर्ध्या भाकरीला जबडा बंद पडतो, हाताने हनुवटी धरून चावायचं, मग आता आमटीत कुस्करून खाते तीपण गोळी लागू झाल्यावरच, म्हणजे संध्याकाळी सातची गोळी घेतली की पावणेआठला ताट. उशीर झाला तर त्या दिवशी पेज. केस कापून टाकले कारण वेणी घालायला दोन्ही हात वर धरावे लागतात. कपड्यांची दोरी नवऱ्याने खांद्याच्या खाली बांधून दिली, तो कणीक मळायलाही शिकला, सासूबाईंना ते अजून बघवत नाही, त्या तेवढा वेळ देवघरात जातात. आंघोळ कोमट पाण्याने आणि स्टुलावर बसून, कारण उष्णतेने आमचा आजार वाढतो. मार्च ते मे आम्ही कसे काढतो ते आम्हालाच माहीत. त्यात गोळीने पोटात मुरडा येतो आणि शाळेतलं बायकांचं टॉयलेट मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला.

एक गोष्ट शिकायला मला दोन वर्षं गेली ती म्हणजे दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. मधल्या सुट्टीत सगळे स्टाफरूममध्ये गप्पा मारतात तेव्हा मी लायब्ररीत दोन बाकं जोडून आडवी होते, डोळ्यांवर ओला रुमाल. तेव्हा मी अजिबात दमलेली नसते, आणि म्हणूनच ते बघणाऱ्याला आळस वाटतं. पण ती वीस मिनिटं चुकली की पाचव्या तासाला मला एका पोराच्या जागी दोन-दोन पोरं दिसतात. ज्यांनी मला "कामचुकार" म्हटलं ते आता माझे चांगले मित्र आहेत, राग नाही, दिसतच नाही तर त्यांनी तरी काय समजायचं.

आता बोर्डाचं. दाखला मिळावा म्हणून गेल्या वर्षी ऑनलाईन अर्ज केला, तारीख आली, सातची गोळी घेऊन पहिल्या एसटीने गेले. दोन तास बाकावर बसून होते. म्हणजे साहेब लक्षात घ्या, गोळी घेतलेली, सकाळची वेळ आणि दोन तास आराम, दिवसभरात ह्याहून चांगली मी कधी नसते. नंबर आला. डॉक्टर म्हणाले हात वर करा, मी दाबतो तुम्ही दाबू देऊ नका. पाचपैकी पाच. पाय उचला. पाचपैकी चार. मूठ. डोळे मिटा, उघडा. तीन मिनिटं झाली असतील. माझी फाईल होती, अँटीबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह होती, करंट देऊन केलेल्या टेस्टचा रिपोर्ट होता, तो त्यांनी बघितलाही. कागदावर 28 टक्के आलं. मी म्हटलं सर मला संध्याकाळी बघा ना. चांगले होते हो ते, म्हणाले, "मॅडम, मला समोर दिसतं तेच लिहावं लागतं." एसटीची 75 टक्के सवलत 40 टक्क्यांपासून पुढे, नोकरीतल्या बहुतेक सवलती 40 पासून, त्यामुळे 28 चा कागद मी कपाटात ठेवलाय.

मला गंमत अशी वाटते की हा आजार पकडला जातो कसा, तर एकाच नसेला सेकंदाला तीन वेळा करंट देतात आणि स्नायूचा प्रतिसाद उतरत जातो का ते बघतात. दहा टक्क्यांहून जास्त उतरला की संशय पक्का. म्हणजे पहिल्या झटक्याला आम्ही सगळे नॉर्मलच असतो! आजार ज्या टेस्टने सापडतो ती परत परत करून बघायची टेस्ट आहे आणि अपंगत्व मात्र एकदाच दाबून मोजायचं, असं कसं चालेल?

आणि मोजायला काही मशीन लागत नाही. जगभरचे डॉक्टर ह्या आजारासाठी एक ठरलेली तपासणी वापरतात, मी माझ्या न्यूरोलॉजिस्टकडे दर वेळी देते. बसून हात समोर सरळ धरायचा, 240 सेकंद टिकतो का बघायचं. झोपून पाय उचलून 100 सेकंद. डोकं उशीवरून उचलून 120. एक मिनिट वर बघायचं, पापण्या खाली येतात का. एक ते पन्नास मोठ्याने म्हणायचं, आवाज कितव्या आकड्याला फाटतो ते लिहायचं. मूठ आणि श्वास मोजायची उपकरणं वेगळी, पण बाकी सगळ्याला घड्याळ पुरतं. माझा उजवा हात सकाळी गोळीवर दोनशेच्या पुढे जातो आणि संध्याकाळी पाचला सत्तरला येतो. हे 70 कुठल्याच सरकारी कागदावर नाही.

कायद्याचं मला जेवढं कळलं तेवढं सांगते, चुकलं तर तुमचे अधिकारी सांगतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे. मायस्थेनिया नाही. स्नायू-हाडं किंवा मज्जासंस्थेच्या आजाराने हालचालीला अडचण अशी जी व्याख्या आहे तीत आम्हाला बसवलं तर बसतो, पण बसवायचं की नाही ते त्या दिवशी टेबलापलीकडे कोण आहे त्यावर. यादी बदलायचा अधिकार केंद्राकडे आहे हे मान्य, पण कलम 99 मध्ये राज्य सरकारने शिफारस करायची सोय ठेवलेली आहे. आपल्या राज्याने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला, तेव्हा आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले होते. ती शिफारस तुमच्या सहीने जाऊ दे, एवढं मागणं आहे.

आणि यादी बदलेपर्यंत जे तुमच्या हातात आहे ते. आरोग्य खात्याशी बोलून बोर्डांना एक पत्र काढा की ज्या आजारात ताकद वेळेप्रमाणे बदलते त्या पेशंटला स्नायूंचा वापर करून झाल्यावर तपासा, दुपारनंतरची वेळ द्या आणि हात किती सेकंद टिकला ते कागदावर लिहा. निवडणूक ड्युटीचंही बघा. आमच्याकडे 7 मे 2024 ला मतदान होतं, आदल्या दिवशी उन्हात मशीन ताब्यात घ्यायची, रात्री केंद्रावर मुक्काम, पहाटे साडेपाचला मॉक पोल, संध्याकाळी सहापर्यंत मतदान आणि मग परत जमा करायला रांग. मी न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडून सूट मागितली तर उत्तर आलं, दाखला जोडा, चाळीस टक्क्यांचा. शेवटी आमच्या एका सरांनी स्वतःची सुट्टी मोडून अदलाबदल केली. त्यांच्या मुलीचं लग्न दोन आठवड्यांवर होतं.

शाळेत मला काय पाहिजे विचाराल तर फार नाही. पहिले तीन तास सलग द्या, चौथा रिकामा द्या, वर्ग तळमजल्यावर, एक खुर्ची. ह्याला कायद्यात वाजवी सोय असा शब्द आहे, आमच्या मुख्याध्यापकांनी तो शब्द न वाचताच हे सगळं केलं. पण ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत.

पुढच्या महिन्यात मी परत बोर्डाला जातेय. ऑफिसबाहेर झेरॉक्सवाला आहे, तो गेल्या वेळी म्हणाला होता, "मॅडम, दोन दिवस गोळी बंद करून या, पन्नास टक्के कुठे जात नाहीत." तो वाईट माणूस नाही, त्याने बरेच लोक बघितलेत. पण गोळी बंद केली की मला आधी गिळता येत नाही आणि मग श्वासाचं काय होईल ते सांगता येत नाही, एकदा आयसीयूत नऊ दिवस काढलेत मी. दाखल्यासाठी व्हेंटिलेटरपर्यंत जायची माझी तयारी नाही. मी गोळी घेऊनच जाणार आहे, फक्त ह्या वेळी साडेतीनची वेळ द्या असा अर्ज केलाय आणि पर्समध्ये एक स्टॉपवॉच टाकलंय, पोरांच्या खेळाच्या कपाटातलं, सही करून घेतलंय. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
मराठीची एक शिक्षिका