फोनवर सगळी चित्रं सारखीच मोठी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकलेचा तास बहुधा गणिताचा राहिलेला धडा उरकण्यात जातो. उरलेल्या तासांत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी. त्यामुळे मुलं स्थिरचित्र घोटून घोटून काढतात, पण एखादं चित्र निवांत पाहिलेलं नसतं.

यंदा नववीच्या वर्गात प्रोजेक्टरवर अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची वेबसाइट उघडली. रेम्ब्रांटच्या १६४२ मधल्या ‘नाइट वॉच’चं ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं, छायाचित्र या संग्रहालयाने २०२२ मध्ये सर्वांना खुलं केलं. मोठं करत गेलं की रंगाला पडलेल्या बारीक भेगाही दिसतात. पाठोपाठ चित्रकार व्हर्मिअरची दूध ओतणारी बाई दाखवली. मुलांना दोन्ही चित्रं एकाच मापाची वाटली. पडद्यावर वाटणारच! मग मैदानात फक्कीने साडेबारा फूट उंच, जवळपास पंधरा फूट रुंद चौकट आखली आणि शेजारी व्हर्मिअरची, अठरा इंच बाय सोळा इंच. एकजण म्हणाला, “सर, हे एवढंसंच हाय व्हय?” त्या दिवशी मधल्या सुट्टीतही पोरं त्या मोठ्या चौकटीत उभी राहून बघत होती.

पुढच्या तासाला आबालाल रहिमान यांचं रंकाळा तलावाचं चित्र शोधून आणायला सांगितलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापुरात परतलेला हा चित्रकार रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिला. ज्या काठावर ही मुलं संध्याकाळी भेळ खातात, तोच काठ. मुलांच्या हाती लागल्या त्या टपाल तिकिटाएवढ्या पुसट प्रती, प्रत्येकीत पाण्याचा रंग निराळा.

मूळ चित्रं पाहायला टाऊन हॉल संग्रहालयात आम्ही चालत जाऊ शकतो. राधानगरी-शाहूवाडीच्या शाळेने चाळीस मुलं एसटीने कशी आणायची? म्हणून विनंती एवढीच, की शहरातल्या संग्रहांतली चित्रं मोठी करून पाहता येतील अशी छायाचित्रित करून मोफत उपलब्ध करावीत. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयातलं पावडर शेडिंगचं, म्हणजे कोरडी पूड घासून केलेलं, काम तर अगदी जवळून पाहण्याजोगं. खरे रंग ताडून पाहता यावेत म्हणून शेजारी रंगपट्टी ठेवावी आणि चित्राची लांबी-रुंदी न विसरता लिहावी. फक्कीचं काम आम्ही करू.

आणि चित्रावर काच असेल तर ती जाणकाराच्या हातून आधी उतरवून घ्यावी. नाहीतर रंकाळ्यात छतावरची ट्यूबलाइट उगवते.

आपला,
एक कलाशिक्षक, कोल्हापूर