दंडाच्या पैशांअभावी जादा कैद

महोदय,
गुन्हा एक, शिक्षाही एक. पण पैसेवाला दंड भरून घरी जातो आणि गरीब कळंबा कारागृहात जादा कैद भोगतो. हा उघड अन्याय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ नुसार अर्धवट दंड भरला तरी त्या प्रमाणात ही कैद घटते. दंडापोटी चार महिन्यांची जादा कैद असेल आणि पाऊण दंड भरला, तर एका महिन्यात सुटका! कितीतरी नातेवाइकांना हे ठाऊकच नसते. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मात्र मूळ शिक्षा संपत आल्यावर कागद हलवले, तर पैसे वेळेत येत नाहीत. मदतीचा प्रस्ताव दोन-तीन महिने आधीच या योजनेच्या जिल्हा समितीकडे जायला हवा.
– एक वकील, कोल्हापूर